कानाचं मशीन डबीत पडून राहतं, ज्येष्ठांशी कसं बोलावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, गोव्यात फोंड्याला एका दवाखान्यात काम करते. फोंडा, डिचोली, सत्तरी या भागातले बरेच ज्येष्ठ माझ्याकडे येतात. तपासणी करणं, मशीन बसवून देणं हे माझं रोजचंच काम. गाडी अडते ती त्यानंतर. मशीन घरी जातं आणि महिन्याभरात डबीत, डबी कपाटात.

सध्या एका आजोबांचा विचार डोक्यातून जात नाही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). निवृत्त शिक्षक, दोन्ही कानांना मशीन. हल्लीच्या डिजिटल मशीनमध्ये ते रोज सरासरी किती वेळ चालू होतं याची नोंद राहते. फेरतपासणीला आले तेव्हा म्हणाले, "सकाळी घालतो तो झोपतानाच काढतो." कॉम्प्युटरवर दिसत होतं, दिवसाला पाऊण ताससुद्धा नाही. शेजारी मुलगा बसलेला, पैसे त्यानेच भरलेले. आजोबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मोल्डमधला, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्यातला, मळ साफ करून दिला, आवाज थोडा कमी केला आणि पुढची तारीख दिली. मुलासमोर विषय काढायचा नाही हे तेव्हाच ठरवलं होतं. पण कधीतरी काढावा लागणार.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात बहुधा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ अशी व्यंजनं निसटतात, स्वर ऐकू येत राहतात. म्हणून माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतं, "आयकूंक येता, पूण समजना." पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू येतो आणि नातीचं बोलणं कळत नाही, त्यामुळे घरचे म्हणतात की यांना हवं तेवढंच ऐकू येतं. हा आरोप माणसाला फार लागतो. माझ्या मते मशीन नको म्हणण्यामागे निम्मा राग याचाच असतो.

त्यात मशीन लावलं की वर्षानुवर्षं न ऐकलेलं सगळं एकदम अंगावर येतं. पंखा, भांडी, पन्हळीचं पाणी, आणि स्वतःचाच आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. मेंदूला याची सवय व्हायला काही आठवडे जातात. मी सांगते, पहिले काही दिवस घरातच, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना दोनेक तास घाला. मग टीव्ही, मग बाजार, लग्न, देऊळ. मोठ्या अक्षरात मराठीत लिहूनही देते. काही जण पाळतात. काही जण पहिल्याच दिवशी लग्नाला घालून जातात आणि रात्री काढतात ते कायमचं.

आपल्या पावसाळ्याचा त्रास वेगळाच. दमट हवेत नळीत पाण्याचा थेंब अडकला की आवाज बंद, आणि म्हातारं माणूस समजतं मशीन बिघडलं. रात्री ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा, बॅटरीचा स्टिकर आधीपासून काढून ठेवू नका, हे सांगून निभावतं. त्यासाठी धागा काढला नसता.

खरा पेच बोलण्याचा आहे. घरची माणसं मला बाजूला घेऊन म्हणतात, "मशीन घातलं नाही तर स्मृतिभ्रंश होईल असं सांगा ना, तुमचं ऐकतील." मला ते पटत नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षं चाललेला अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा मशीन दिलेल्या आणि न दिलेल्या लोकांच्या बौद्धिक ऱ्हासात फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र मशीन दिलेल्यांचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी कमी होता. एवढं जसंच्या तसं सांगायला माझी तयारी आहे. घाबरवण्यासाठी त्यातलं अर्धंच सांगायला नाही. भीतीने घातलेलं मशीन फार दिवस कानात राहत नाही, असं मला वाटतं.

तर विचारायचं असं. तुमच्यापैकी जे स्वतः मशीन वापरतात, त्यांनी सुरुवातीचे ते नकोसे दिवस कशाच्या बळावर काढले? कुणाच्या बोलण्याने फरक पडला आणि कुणाच्या बोलण्याने चीड आली? ज्यांचे आईवडील आधी घालत नव्हते आणि मग घालायला लागले, त्यांच्या घरी नेमकं काय बदललं? आणि त्या नोंदीचं काय करू? आजोबांना एकटं बसवून स्क्रीन दाखवावी, की आकड्याचा विषयच न काढता "कुठे कुठे त्रास होतो" एवढंच विचारावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण त्यांच्या जागी बसून सांगणारं कुणीतरी हवं आहे.

आजोबांची पुढची भेट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या आठवड्यात आहे. घर माणसांनी भरलेलं असणार. घुमट-शामेळ-कासाळे या वाद्यांच्या दणदणीत आरतीला मशीन काढून ठेवा आणि नंतर पंगतीला बसताना घाला, असं सांगायचं मनात आहे. तुमच्या घरी असं कुणी करून बघितलं असेल तर जरूर लिहा. वय, एका कानाला की दोन्ही, आणि अंगवळणी पडायला किती दिवस लागले तेही लिहिलंत तर मला जास्त उपयोग होईल.