मदत हवी आहे: आईला पुण्यात कोल्हापूरचा टोमॅटो एफएम कसा ऐकवू?

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी आईला कोल्हापूरहून पुण्याला माझ्याकडे आणलं. तिकडे स्वयंपाकघरातला रेडिओ दिवसभर ९४.३ वर, म्हणजे 'पुढारी'वाल्यांच्या टोमॅटो एफएमवर लावलेला असायचा. इथे मराठी गाणी लागतात, पण तिला हवी आहे आपल्याकडची बोली. "काय म्हणतायसा?" असं कोणी विचारलं की तिचा चेहरा खुलतो.

आणि पावसाळ्यात तर जास्तच. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण हवामान, वाहतूक, आपत्तीच्या सूचना देता येतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठतंय का, हे २०१९ च्या पुरानंतर ती रोज विचारते. घर बंद आहे, पण जीव तिकडेच अडकलाय.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे सव्वादोनशे किलोमीटरवर कितीही उंच अँटेना लावून उपयोग नाही, हे मला कळतं. मोबाइलवर ऐकण्याचा मार्ग असेल, पण आई स्मार्टफोन हातात धरत नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

वायफायवर चालणारा, एक बटण दाबलं की ठरलेलं स्टेशन लागेल असा रेडिओ कोणी वापरलाय का? भारतात मिळतो का, साधारण किती पडतो? जुन्या फोनला स्पीकर जोडून कोणी असं काही केलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा. लाइट गेल्यावर ते आपोआप पुन्हा सुरू होतं का?