मदत हवी आहे: माउथ ऑर्गनवर सूर वाकत नाही, शनिवारी बँडबरोबर वाजवायचंय

डिचोलीकर: तीन महिने व्हिडिओ बघून ब्लूज शिकतोय. घरी एकटा वाजवतो तेव्हा झकास, बँडबरोबर बसलो की सगळं बेसूर. सूर वाकवायला, म्हणजे वाजता वाजता थोडा खाली आणायला जातो तर वाकतच नाही, श्वास आत ओढून ओढून चक्कर येते. काल ड्रमर म्हणाला, "तू नुसता हातात धरून उभा राहा, फोटोत बरा दिसतोस." शनिवारी हणजुण्याला किनाऱ्यावरच्या शॅकवर कार्यक्रम आहे. वाकवायचा कसा, तेवढंच सांगा.

मांडवीकाठ: बाजा कुठल्या पट्टीचा? भोकं किती? बँड कुठल्या पट्टीत वाजवतो?

डिचोलीकर: साधा, नेहमीचा. म्हापशाच्या बाजारात घेतला. सी लिहिलंय. बँडचं गिटारवाल्याला विचारतो.

भजनी_बुवा: त्यापेक्षा पेटी शिका. मी फोंड्याला भजनाला साथ करतो, कुणाला कधी चक्कर आली नाही.

मांडवीकाठ: बुवा, त्याला ब्लूज वाजवायचंय हो. डिचोलीकर, भोकं मोजा.

डिचोलीकर: मोजली. वर २४, खाली २४.

मांडवीकाठ: मग कप्पाळ! तो ट्रेमोलो. एकाच सुराच्या दोन रीड (आतल्या थरथरणाऱ्या पात्या) किंचित वेगळ्या लावलेल्या, म्हणून आवाज थरथरतो. ब्लूजला १० भोकांचा डायटॉनिक लागतो. त्यात फुंकायची आणि ओढायची रीड एकाच खणात असतात, त्या एकमेकींवर चालतात म्हणून सूर खाली येतो. तुमच्यात प्रत्येक रीडला वेगळा खण. छाती फुटेपर्यंत ओढलंत तरी वाकणार नाही.

आल्तिनो_६४: क्रोमॅटिकच घ्या. बटण दाबलं की अर्धा सूर वर, वाकवायची कटकट नाही. आर. डी. बर्मनसुद्धा माउथ ऑर्गन वाजवायचे.

मांडवीकाठ: त्यांचा ब्लूजशी काय संबंध? बटणाच्या सुरात ती तळमळ नाही.

आल्तिनो_६४: ब्लूजचा नावाजलेला माउथ ऑर्गनवाला लिटल वॉल्टर क्रोमॅटिकही वाजवायचा. आधी ऐका, मग बोला.

मांडवीकाठ: वाजवायचा, पण आधी डायटॉनिकवर हात बसवून. इथे शनिवार डोक्यावर आहे.

डिचोलीकर: भांडू नका राव. गिटारवाला म्हणतो ई. मग ई-चा बाजा घेऊ ना?

भजनी_बुवा: मला वाटतं हो. बँडची पट्टी तीच बाजाची, सरळ आहे.

मांडवीकाठ: नाही! ए-चा घ्या. ब्लूजमध्ये बँडचा सा जिथे, त्याच्या मध्यमाचा बाजा. ई-चा मध्यम ए. मग दुसऱ्या भोकात ओढलं की बँडचा सा. तिसऱ्यात ओढून अर्धा सूर वाकवला की कोमल गंधार, चौथ्यात वाकवलं की पंचमाच्या खालचा. पाचव्यात कोमल निषाद आयताच मिळतो.

भजनी_बुवा: म्हणजे बँड पांढरी तीन, बाजा पांढरी सहा. असं सांगा ना मग! हे आवडलं. कोमल गंधार किती खाली घेतात?

मांडवीकाठ: बुवा, तो वेगळा धागा काढा.

पेडण्याची_पोर: आतली मधली फळी लाकडी असलेला बाजा घेऊ नका. पावसात फुगतो, ओठाला टोचतो. प्लॅस्टिकचा घ्या, वाजवून झाल्यावर हातावर आपटून थुंकी काढा. आणि जोरात ओढू नका, रीड जातात. जीभ मागे न्या, 'ई'वरून 'ऊ' म्हटल्यासारखी. मला चौथं भोक वाकवायला दीड महिना लागला. शनिवारचं विसरा.

आल्तिनो_६४: शॅकवर माइक कुठला आहे? हातात धरायचा असेल तर बाजा आणि माइक दोन्ही मुठीत गच्च बसले पाहिजेत, नाहीतर...

डिचोलीकर: माइकचं नंतर. ए-चा बाजा शनिवारपर्यंत कुणी उसना देईल का? पणजी किंवा म्हापसा, कुठेही येतो.

पेडण्याची_पोर: माझा आहे, पण तो तोंडात घालायचा असतो. उसना कसला मागतोयस?

भजनी_बुवा: पेटी उसनी मिळते.