मदत हवी आहे: आप्पांच्या कपाळावरच्या उन्हाच्या खपल्या

मंडळी, आमचे आप्पा रावेरकडचे, जन्म केळीच्या बागेत गेला. टक्कल आणि कान कायम उन्हात. तिथे आता खरबरीत, लालसर खपल्या आल्यात. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं लागतं, नखानं काढली की पुन्हा येते. मेडिकलवाल्यानं गजकर्ण म्हणून ट्यूब दिली, उपयोग शून्य.

व्हिडिओ कॉलवर त्वचारोगतज्ज्ञांनी ॲक्टिनिक केराटोसिस सांगितलं. उन्हानं बिघडलेली कातडी. एखादीचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. ५-फ्लुरोयुरॅसिल क्रीम दिलंय. ते लावल्यावर जागा लाल होऊन सोलते, ते अपेक्षितच, असं डॉक्टर म्हणाले. पण आप्पा "या औषधानंच भाजलं" म्हणून ट्यूब लपवून ठेवतात! कोणी हा कोर्स पूर्ण केलाय का? घरच्यांना कसं पटवलंत?

कानावरची एक खपली मात्र जाड झालीय, दाबली की दुखते. ती फोटोवरून ठरणार नाही, प्रत्यक्ष दाखवून तुकडा तपासा, असं सांगितलंय. जळगाव-भुसावळकडे बायोप्सी आणि लिक्विड नायट्रोजननं खपली गोठवणं, दोन्ही एकाच ठिकाणी कुठे होतं? साधारण खर्चही सांगा.

आणि हो, कानाचा फोटो स्पष्ट कसा काढता? फ्लॅशनं आमचा सगळा पांढराच येतो.