पदवीनंतर आधी नोकरी, की फिरत फिरत स्वतःची कमाई?

पायरव

शेवटच्या सत्राची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि वर्गातल्या बहुतेकांनी अर्जांचा सपाटा लावला आहे. पदवी हातात पडल्यावर दोन वर्षे नोकरी शोधायचीच नाही, भाषांतराची आणि संपादनाची कामे घेत फिरायचे आणि त्याच कमाईवर राहायचे, या निर्णयापर्यंत मी जवळजवळ येऊन ठेपलो आहे. घरच्यांचे म्हणणे असे की आधी नोकरी धर, फिरायला आयुष्य पडले आहे. मला हा क्रमच उलटा वाटतो. नोकरी तिसाव्या वर्षीही मिळते, फिरण्याच्या काही वाटा मात्र तोवर बंद होतात. ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये सुरू केलेल्या वर्किंग हॉलिडे व्हिसावर ठरावीक देशांच्या तरुणांना फिरता फिरता कायदेशीर काम करता येते. परंतु त्यासाठी अर्ज करण्याची वयोमर्यादा बहुतेकांना १८ ते ३० अशीच आहे. शिवाय नोकरी शोधणे हेसुद्धा महिनोन्‌महिने चालणारे बिनपगारी कामच असते. तेवढाच वेळ ग्राहक शोधण्यात घालवला तर काय बिघडले? विरोधी मते मोकळेपणाने मांडावीत.

हिशेबी

बिघडत काही नाही, पण आपण मांडलेल्या हिशेबात काही रकाने कोरे राहिले आहेत.

पहिला रकाना व्हिसाचा. साध्या पर्यटक व्हिसावर त्या देशात नोकरी करता येत नाही हे सर्वांना ठाऊक असते. मात्र तिथे बसून परदेशी ग्राहकाचे काम करणेही अनेक ठिकाणी नियमांत बसत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि एका देशातून दुसऱ्यात गेल्याने ते दिवस नव्याने मोजले जात नाहीत. यावर उपाय म्हणून ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसाचे, म्हणजे परदेशात राहून इंटरनेटवरून काम करणाऱ्यांसाठीच्या व्हिसाचे, नाव हमखास पुढे येते. एस्टोनियाने तो २०२० मध्ये सुरू केला आणि नंतर अनेक देशांनी तीच वाट धरली. परंतु त्याच्या अटी वाचाव्यात: अर्जदाराची ठरावीक पातळीवरची मासिक मिळकत आधीच्या सहा महिन्यांत सलग असल्याचा पुरावा मागतात. म्हणजे ज्याचे बस्तान आधीच बसले आहे त्याच्यासाठीच हे दार उघडे आहे. काल पदवी मिळालेल्याने त्या सहा महिन्यांचे कागद आणायचे कुठून?

दुसरा रकाना वेळेचा. फ्रीलान्स कामाच्या संकेतस्थळांचे कमिशन उघड दिसते. अपवर्कने २०२३ मध्ये सर्व कामांवर सरसकट १० टक्के केले होते, २०२५ पासून ते कामागणिक बदलते, आणि फायव्हर २० टक्के कापते. जे दिसत नाही ते प्रस्ताव लिहिण्याचे, नमुने करून देण्याचे आणि बिलाचा पाठपुरावा करण्याचे तास. काम पूर्ण झाल्यावर तीस दिवसांनी पैसे, ही अट सर्रास असते. राहण्याचे भाडे मात्र आजच द्यावे लागते. कराविषयी एकच वाक्य: अनेक देश १८३ दिवसांहून अधिक राहणाऱ्याला आपला करदाता मानतात.

तांबडी शाई

हिशेबी यांचे मुद्दे योग्य आहेत, तरीही माझी हरकत पैशाशी संबंधित नाही. पहिल्या दोन वर्षांत मनुष्य काम शिकतो, आणि शिकण्यासाठी चूक दाखवणारे कोणी तरी शेजारी बसलेले लागते.

पहिल्या नोकरीत मी तयार केलेले नऊ पानी माहितीपत्रक वरिष्ठांकडे दिले, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी तांबड्या खुणांनी भरून परत आले. मी मोजल्या, एक्केचाळीस होत्या. तिसऱ्या पानावरच्या एका परिच्छेदाभोवती नुसते वर्तुळ होते आणि समासात दोन शब्द, ‘हे कोणासाठी?’. तो परिच्छेद बिनचूक होता, व्याकरण चोख होते, आकडे बरोबर होते. पण वाचणाऱ्या तंत्रज्ञाला त्याची काडीइतकीही गरज नव्हती. ही चूक माझी मला दहा वर्षांत सापडली नसती, कारण मला ती चूक वाटतच नव्हती. ग्राहक असे वर्तुळ काढून देत नाही. त्याला काम आवडले नाही तर तो आभार मानतो, पैसे देतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. आपण मात्र आपले काम उत्तम झाले या समजुतीत पुढच्या गावाला निघतो.

वाटसरू

वर्तुळाची गोष्ट मनापासून आवडली आणि तरीही मी विरुद्ध बाजूने लिहीत आहे. मी अडीच वर्षे याच पद्धतीने काढली आहेत, म्हणून थोडे अधिकाराने बोलतो.

प्रत्येक कार्यालयात तांबडी शाई असते हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. माझ्या बरोबरच्या कितीतरी जणांना पहिल्या नोकरीत शिकवणारे कोणी भेटले नाही. एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात आकडे उतरवण्यात त्यांची दोन वर्षे गेली. मला माझी चूक महाग पडली, परंतु ती मीच शोधली. एका ग्राहकासाठी मी ऐंशी पानांचे भाषांतर आगाऊ रक्कम न घेता केले. शेवटची फाईल पाठवली ती एका बसस्थानकाच्या बाकावर बसून, फोनच्या इंटरनेटवर. फाईल ब्याण्णव टक्क्यांवर अडकली होती, बस फलाटाला लागली होती आणि मी बस सोडून दिली. पुढची बस चार तासांनी होती. पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्यानंतर निम्मी रक्कम हातात पडल्याखेरीज मी पहिले पानसुद्धा उघडत नाही. स्वतःच्या कामाची किंमत सांगून गप्प बसणे, समोरच्याने घासाघीस सुरू केली तरी गप्पच राहणे, हे मला कोणत्याही नोकरीने शिकवले नसते.

पायरव यांना एक सावधगिरीची सूचना. शेतावर किंवा वसतिगृहात काम करून राहण्या-जेवणाची सोय होते, त्याला लोक कमाई म्हणतात. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेली वूफ ही शेतांवरच्या स्वयंसेवेची चळवळ याच देवाणघेवाणीवर उभी आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु ती कमाई नव्हे, खर्चातली बचत आहे. परतीच्या तिकिटाचे पैसे तिच्यातून येत नाहीत.

टेबलापलीकडून

मी भरतीचे काम करते, त्यामुळे हे सारे अर्जाच्या कागदावर कसे दिसते तेवढे सांगते. अमेरिकेत झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. त्यात सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठवले गेले आणि बेरोजगारीचा काळ वाढेल तसतशी मुलाखतीची बोलावणी घटत गेली. ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. ते अर्ज रिकाम्या काळाचे होते, फिरत काम करणाऱ्यांचे नव्हते, हे मान्य. पण अर्ज चाळणाऱ्याला हा फरक पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसायला हवा. ‘दोन वर्षे प्रवास आणि स्वतंत्र काम’ एवढेच लिहिले असेल, तर खरे सांगते, मी त्यातला ‘प्रवास’ वाचते आणि पान उलटते. चार ग्राहकांचे स्वरूप, कामाची व्याप्ती आणि पुन्हा काम देणारे किती, हे लिहिले असेल तर थांबते.

आणखी एक. नवपदवीधरांसाठी असलेल्या भरतीत पदवीचे वर्ष पाहिले जाते; दोन वर्षांनी आपण त्या रांगेत नसता आणि अनुभवी उमेदवारांच्या रांगेतही कोणी आपल्याला सहज घेत नाही. वयाची मर्यादा फक्त व्हिसालाच असते असे नाही.

पायरव

शेवटचा मुद्दा मला लागला. त्याचा विचार मी केलेला नव्हता. मात्र मिळेल ती नोकरी धरावी, हे अजूनही पटत नाही. कॅनडातील पदवीधरांच्या उत्पन्नाचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यानुसार मंदीत पदवी घेतलेल्यांची मिळकत सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती आणि हा फरक पूर्ण मिटायला सुमारे दहा वर्षे लागली. बाजार वाईट असताना मिळेल त्या खुर्चीत बसण्यापेक्षा बाहेर थांबलेले काय वाईट?

हिशेबी

तोच अभ्यास पुढेही वाचावा. ज्यांचा फरक भरून निघाला त्यांनी तो बहुतांशी कंपन्या बदलून, अधिक चांगल्या ठिकाणी सरकत भरून काढला. सरकण्यासाठी आधी कुठे तरी उभे असावे लागते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेले सूत्र असे की नव्या कामाची बातमी जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक येते, आणि अशा ओळखी कामाच्या ठिकाणी आपोआप जमतात.

वाटसरू

तोंडओळखी प्रवासात कमी जमतात, असे म्हणणारा माणूस रात्रीच्या गाडीच्या सामान्य डब्यात कधी बसलेला नसावा. माझा सर्वांत टिकाऊ ग्राहक मला वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत भेटला.

तांबडी शाई

वाद लांबवण्यापेक्षा पायरव यांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. परीक्षेला दोन महिने आहेत, म्हणजे कामे घेण्यास आजही कोणी अडवलेले नाही. आज आपल्याला पैसे देऊन काम देणारे ग्राहक किती आहेत, आणि त्यांपैकी दुसऱ्यांदा आलेले किती?

पायरव

एक. दुसऱ्यांदा आलेला नाही, आणि त्याने पैसे दिले तेव्हा काम कसे वाटले हे मी विचारलेच नाही. आज रात्री त्याला पत्र लिहून ते विचारतो. चुका दाखवल्यास उपकार होतील, असेही त्यात लिहितो.