मदत हवी आहे: फंडाने कंपनीला उत्सर्जनाबद्दल काय विचारले, हे कुठे कळते?

नमस्कार. 2021 मध्ये एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीचे जेमतेम 0.02 टक्के समभाग हाती असलेल्या 'इंजिन नंबर वन' या छोट्या फंडाने, ब्लॅकरॉकसारख्या बड्या गुंतवणूकदारांच्या मतांच्या बळावर, हवामान बदलाच्या मुद्द्यावरून आपले तीन उमेदवार संचालक मंडळावर निवडून आणले. आपल्याकडेही सेबीने शेअर बाजारातील आघाडीच्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर (पर्यावरण, समाज व कारभाराविषयीची माहिती देणारा) अहवाल सक्तीचा केला असून म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या ठरावांवरील आपले मतदान कारणांसह जाहीर करावे लागते. माझ्या फंडाचा मतदानाचा तक्ता उघडला, तर ओळीमागून ओळ संचालकांची फेरनियुक्ती, लेखापरीक्षकांचे मानधन आणि कारणाच्या रकान्यात तेच ते ठरावीक वाक्य! फंडांचे स्टुअर्डशिप अहवाल (गुंतवणूकदार म्हणून कंपन्यांवर कशी देखरेख ठेवली, त्यांच्याशी काय चर्चा केली, याचे अहवाल) कोणी बारकाईने वाचले असल्यास, कर्ब उत्सर्जनाविषयी कंपनीशी झालेली चर्चा त्यांत नेमकी कुठे शोधावी, हे कृपया सांगावे.