रोज दोन तास गणित करूनही मार्क वाढत नाहीत, त्यावर थोडं
एका पालकांनी लिहिलंय की त्यांची मुलगी रोज दोन तास गणित करते तरी पेपरात गडबडते. माझ्या भाच्याचं डिट्टो हेच होतं, नववीत. बसून बघितलं तर पठ्ठ्या सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवून काढायचा आणि त्यालाच सराव म्हणायचा! मग उत्तर झाकून कोऱ्या कागदावर करायला लावलं, तर ७ − (३ − ५) चं उत्तर −१ आलं. म्हणजे कंसाआधी वजा असेल तर कंस सोडवताना आतलं चिन्ह बदलायचं हेच पक्कं नव्हतं, आणि आम्ही आपले बीजगणित अवघड जातंय म्हणून रडत होतो. उत्तर ९ का येतं हे त्याने मलाच समजावून सांगितलं तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं. मग एक चुकांची वही केली, चुकलेलं गणित, नेमकं कुठे घसरलो ते एका ओळीत, आणि तेच गणित चार दिवसांनी न बघता परत. रोज अर्धा तासच, पण मिक्स गणितं, एकाच प्रकारची वीस नाहीत. आत्मविश्वास वगैरे भाषणं देऊन येत नाही हो, जुनं चुकलेलं गणित सुटलं की येतो. आणि प्लीज, शेजारी बसून 'एवढं सोपं येत नाही?' म्हणू नका, मी म्हणायचो.