मदत हवी आहे: भाताच्या खाचरातले मिथेन खाणारे बॅक्टेरिया आणि घोटीचा पाऊस

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, मामांची भातशेती घोटीजवळ आहे, इंद्रायणी लावतात. आवणीनंतर (रोपांच्या लावणीनंतर) खाचरात पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात ना, त्यात बराचसा मिथेन असतो हे कळल्यापासून विषय डोक्यातून जातच नाहीये.

पाणी साचलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, मग तिथले जंतू कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून मिथेन बनवतात आणि तो रोपाच्या आतल्या पोकळ्यांतून हवेत जातो. पण त्याच वाटेने ऑक्सिजन खाली मुळांशी उतरतो. रोप उपटून बघा, चिखल काळपट आणि मुळांवर तांबूस थर, तो थर म्हणजे त्या ऑक्सिजनने गंजलेलं लोह! तिथेच मिथेन खाणारे बॅक्टेरिया राहतात, मिथेनचं आधी मिथेनॉल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड करतात. आता 100 वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो, 20 वर्षांच्या हिशोबाने 80 पट, म्हणजे हे जीव केवढं काम करतायत बघा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आपल्याकडच्याच भातखाचरांतून असे बॅक्टेरिया वेगळे केलेत, हे वाचून तर फार भारी वाटलं.

आता अडलंय ते असं. सगळीकडे सांगतात खाचर मधूनमधून सुकू द्या, माती हवेशीर झाली की मिथेन बनणंच कमी होतं. बोअरच्या पाण्यावर जमेल हो, पण घोटीला जुलै-ऑगस्टात पाऊस उघडतच नाही, सुकवायचं कसं? फुटवे येताना बांध फोडून थोडे दिवस पाणी काढलं तर पुरेल का, आणि तण माजलं तर? की नेरळच्या सगुणा पद्धतीसारखे गादीवाफे करावेत, त्यात चिखलणीच नाही, पण एवढ्या पावसात वाफे टिकतात का? अजून एक, युरियातून तयार होणारं अमोनियम या मिथेन खाणाऱ्या बॅक्टेरियांच्या, मिथेन पचवणाऱ्या एन्झाइमला अडवू शकतं म्हणे, तर युरिया फेकण्याऐवजी ब्रिकेट (युरियाच्या दाबून केलेल्या गोळ्या) मातीत खोल दिल्या तर बरं पडेल का?

इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात कोणी हे केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, उतारा घटला असेल तर तेही सांगा. मामा यंदा एका खाचरात करून बघायला तयार आहेत, राब भाजून (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळून) रोपं टाकायच्या आधी ठरवायचंय.